गुरुवारची विनंती

४ मार्च

प्रिय भोपळ्या,

चाळिशीला टेकलेल्या माणसाला कोणी अशी हाक मारतं का, असं तू म्हणशील. मी मारते. लहानपणी तुला कडेवर घेऊन घेऊन माझी कंबर एका बाजूला कलली ती कलली, तेवढा हक्क मला आहे.

‘पोचलो, बरा आहे’ एवढाच तुझा निरोप मिळाला. फोन तू उचलत नाहीस. उचललास तरी मी बोलणार आणि तू ‘हं’ म्हणणार. म्हणून कागद घेऊन बसले. कागद निदान मध्येच कट करता येत नाही.

खोली कशी आहे? खिडकी रस्त्याकडे उघडते की मागच्या भिंतीकडे? जेवणाचं काय? नव्या शाखेतली माणसं बोलायला बरी आहेत का? यातलं काही न सांगता ‘बरा आहे’ म्हणणारा माणूस बरा नसतो, हे आई गेल्यापासून तुला वाढवताना मी शिकले.

इथलं सगळं ठीक. मी कारखान्यात, रोजच्यासारखी पडद्यासमोर. औषधाच्या बाटल्या उजेडापुढून सरकत जातात आणि मी चिरा शोधते. सुपरवायझरबाई अधूनमधून मुद्दाम तडा गेलेली एक बाटली रांगेत सोडतात, आम्ही जागे आहोत का ते बघायला. तिला आम्ही चोर बाटली म्हणतो. माझ्या हातून ती कधी सुटलेली नाही, म्हणून तिकडे मला घार म्हणतात. तू हसायचास, ‘ताई, घरी येताना डोळे कारखान्यात ठेवून येत जा.’

आता मुद्द्याचं. नव्या गावात एकटा आहेस, संध्याकाळी खोलीवर कोणी वाट बघणारं नाही. अशा वेळी जपायचं असतं. मोह काही दार ठोठावून, नाव सांगून आत येत नाही. प्रार्थना चुकवू नकोस. रविवारी उपासनेला जाशील अशी जवळची ख्रिस्ती मंडळी शोध. मोठी बहीण आहे म्हणून सांगते, उपदेश म्हणून नाही. बरं, उपदेश म्हणून.

खरं तर तुला हे सांगायची गरज नव्हती. ऑफिसातली ती समोरच्या टेबलावरची नवी बाई, तिच्या चहाच्या वेळी तुझाही चहा आपोआप व्हायला लागला, हे दुसऱ्या कोणाच्या ध्यानातसुद्धा आलं नसतं. तू माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसलास आणि म्हणालास, ‘ताई, काही झालेलं नाही. पण मी सकाळी शर्ट निवडायला लागलोय.’ आणि दुसऱ्याच दिवशी साहेबांकडे जाऊन टेबल बदलून घेतलंस, खाली गोदामात, खोक्यांच्या धुळीत. मला तेव्हा तुझा अभिमान वाटला होता. तोंडावर बोलले नाही, ती माझी खोड.

आणि एवढं करूनही हे असं व्हावं! वहिनीच्या कानावर गेलं ते कसलं, तर ‘ती बाई त्याला शर्ट घेऊन देते.’ कपाटात तो निळ्या चौकटीचा नवा शर्ट सापडला, झालं. वहिनी लेकीला घेऊन माहेरी, आणि तू बदली मागून त्या टोकाला. वहिनीला मी फोन केला होता, लागला नाही. पुन्हा करीन.

कोणी फोडलं असेल, हा विचार मलाही सोडत नाही. तू दोघांनाच सांगितलं होतंस, मला आणि त्या तुझ्या चष्मेवाल्याला. शाळेपासूनचा मित्र, तुमची आठवड्याची एकत्र प्रार्थना, सगळं मान्य. मी कोणाचं नाव घेणार नाही. पण दिवसभर दुकानात बसणारा माणूस, येणारं-जाणारं गिऱ्हाईक, बोलता बोलता जीभ घसरते. शर्टाची गोष्ट कोणाकोणाला माहीत होती, ते तूच आठव.

आम्ही गुरुवारच्या प्रार्थनेतल्या सगळ्या जणी तुझ्यासाठी प्रार्थना करतो आहोत.

तुझ्यासाठी जागी असलेली,
ताई


१९ मार्च

प्रिय भोपळ्या,

तुझं दोन पानी पत्र! बसथांब्यावर उभ्या उभ्या वाचलं आणि माझी बस समोरून निघून गेली.

‘आता तूच एक उरलीस, ताई’ असं लिहिलंस. ते वाक्य मी वाचलं, घडी केली, पुन्हा उघडून वाचलं. असं लिहू नये रे. माणसं असतात. वहिनी आहे, तुझी लेक चिमणी आहे. रागावलेली माणसंसुद्धा आपलीच असतात.

तू सांगितल्याप्रमाणे चष्मेवाल्याकडे जाऊन तुझ्या घराची किल्ली घेऊन आले. दुकानात एक म्हातारे गृहस्थ बसले होते, त्यांच्या चष्म्याची दांडी तो बसवत होता. मी म्हटलं, ‘भाऊनं किल्ली मागितली आहे.’ त्यानं हातातला बारीक पेचकस खाली ठेवला. किल्ली त्याच्या स्वतःच्या जुडग्यात होती, त्याच्या घराच्या किल्लीला लागून. कडी ताठ होती, नखानं उघडेना, थोडा वेळ गेला. मग काच पुसायच्या मऊ फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. म्हणाला, ‘झाडांना एक दिवसाआड पाणी घाला, ताई. खिडकीतल्या कुंडीला कमी.’

बाकी काही नाही. का मागितली, कोणी काय सांगितलं, एक शब्द विचारला नाही. मला त्याचा राग आला. गुन्हेगारानं कसं जरा कावरंबावरं व्हावं. हा तर मला दारापर्यंत सोडायला आला आणि पायरी उंच आहे म्हणाला.

त्याचा सदऱ्याचा खिसा उसवला आहे. घरी सांगणारं कोणी नसलं की असं होतं. हे मी का लिहिते आहे, देव जाणे.

तुझं घर बघून आले. झाडं ताजीतवानी आहेत. चिमणीची एक चप्पल पलंगाखाली राहिली आहे, दुसरी बहुतेक घाईत बरोबर गेली. मी ती पुसून दाराशी ठेवली.

रविवारी प्रभुभोजन होतं. मला खोकला होता, म्हणून द्राक्षरसाचा प्याला ओठांना न लावता तसाच पुढे दिला. सगळ्यांना कशाला लागण. तू विचारशील म्हणून सांगितलं. तसा तू काही विचारणार नव्हतास, पण सांगितलं.

गुरुवारच्या प्रार्थनेबद्दल तू विचारलंस. नेहमीसारखीच होते. शिक्षिकाबाईंच्या घरी, बेकरीवाली, नर्सबाई आणि मी. कोणासाठी प्रार्थना करायची त्या विनंत्या मांडतो, प्रार्थना करतो, चहा घेतो, उठतो. इथलं इथेच राहतं, तो आमचा नियम तुला माहीतच आहे.

वहिनीचा फोन अजून लागत नाही.

तुझ्यासाठी जागी असलेली,
ताई


६ एप्रिल

प्रिय भोपळ्या,

आज चोटं पत्र लिहिते, हात दुखतो आहे. बघ, ‘छोटं’सुद्धा नीट लिहिता येत नाही.

काल चोर बाटली माझ्यासमोरून गेली आणि मला दिसली नाही. चांगली बोटभर चीर होती, आंधळ्यालाही दिसावी अशी. सुपरवायझरबाईंनी ती माझ्यासमोर टेबलावर ठेवली. त्या म्हणाल्या, ‘घारीला पण कधीतरी डुलकी लागायचीच,’ आणि सगळे हसले. मीही हसले. डुलकी लागली नव्हती. मी डोळे उघडे ठेवून बघत होते, फक्त बाटल्या बघत नव्हते.

डोळे तपासून घ्यायला त्यांनी सांगितलं. तुझ्या मित्राच्या दुकानात कुठल्या तोंडानं जाणार? बाजारापलीकडच्या दुसऱ्या दुकानात गेले. डोळे उत्तम आहेत म्हणाला.

खिडकीतली कुंडी पिवळी पडते आहे. मी पाणी जास्त घातलं बहुतेक.

ताई


२१ एप्रिल

प्रिय भोपळ्या,

तुला बातमी हवीच आहे, तर सांगते. तू पाळकसाहेबांना लिहिलेलं पत्र त्यांनी उपासनागृहाच्या वडीलमंडळींपुढे ठेवलं. ‘मी विश्वासानं सांगितलेली गोष्ट ज्यानं बाहेर नेली, त्याच्या हाती रविवारच्या वर्गातली मुलं कशी देता?’ असं तू विचारलं होतंस म्हणे. चष्मेवाल्याला बोलावणं गेलं, आणि तुझी बहीण म्हणून मलाही.

उपासनागृहाच्या मागची ती खोली तुला आठवते ना, जिथे जुने बाक रचून ठेवलेत. तिथे बसलो. पाळकसाहेब मवाळ माणूस, त्यांनी सरळ विचारलं, ‘तुम्ही ही गोष्ट कोणाला सांगितली होती का?’

तो म्हणाला, ‘नाही.’

‘मग बाहेर गेली कशी?’

तो म्हणाला, ‘ते मी सांगू शकत नाही.’

मग पाळकसाहेब माझ्याकडे वळले. ‘ताई, तुम्हाला यातलं काही माहीत आहे?’

मी म्हटलं, ‘मी काय बोलणार?’

तेवढंच बोलले. नंतर काही महिने त्यानं विश्रांती घ्यावी, रविवारचा मुलांचा वर्ग दुसऱ्या कोणाकडे द्यावा, असं ठरलं. तो ‘ठीक आहे’ म्हणाला. मुलांसाठी आणलेली रंगीत खडूंची पेटी पिशवीतून काढून बाकावर ठेवली आणि गेला.

वर्ग मी घ्यावा अशी मंडळींनी विनंती केली. मी नाही म्हणू शकले नाही. मला या वयात नाही म्हणायला शिकायला हवं, आणि हो म्हणायलाही.

या रविवारीही प्याला पुढे दिला. खोकला जातच नाही.

तुझी,
ताई


१२ मे

प्रिय भावा,

आज लाडाची हाक मारत नाही. हे पत्र संपेपर्यंत ती हाक तुला नकोशी होईल.

तुझं मागच्या आठवड्याचं पत्र समोर आहे. ‘बरं झालं, त्याच्याकडून वर्ग काढून घेतला. मला त्या दिवशी कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली.’ तू गेल्यापासून तुझ्या पत्रात पहिल्यांदाच समाधान दिसलं, आणि ते बघून मी घाबरले. अरे, सकाळी शर्ट निवडताना स्वतःचा हात धरणारा तू! आणि आता ज्या माणसानं तुझं काही वाईट केलं नाही, त्याचं वाईट झालं म्हणून तुला शांत झोप लागते. हे तुझ्या मनात कोणी पेरलं? मी पेरलं. पत्रातून, ‘मी कोणाचं नाव घेणार नाही’ म्हणत म्हणत.

गोष्ट मी फोडली. चष्मेवाल्यानं नाही. मी.

तू माझ्या स्वयंपाकघरातून उठून गेलास, त्याच्या पुढच्याच गुरुवारी. कसं झालं ते सांगते. आणि या वेळी मीठ-मिरची न लावता, स्वतःलासुद्धा न लावता सांगायचा प्रयत्न करते.

शिक्षिकाबाईंच्या मुलाचं ऑपरेशन होतं, ती विनंती झाली. बेकरीवालीच्या नवऱ्याचं काम सुटलं होतं. नर्सबाई रडल्या. दर वेळी त्यांच्याकडे काहीतरी असतं आणि माझी पाळी आली की मी ‘सगळं ठीक, देवाची कृपा’ म्हणते, आणि त्या माझ्याकडे बघून मान हलवतात आणि पुढे जातात. त्या दिवशी मी म्हटलं, ‘एका भावासाठी प्रार्थना करू या. नाव घेत नाही.’

खोली एकदम शांत झाली. शिक्षिकाबाईंच्या विणकामाच्या सुया थांबल्या. तिघी माझ्याकडे वळल्या. मला ते गोड लागलं. तुला काय सांगू किती गोड लागलं. मी म्हटलं, माझ्या अगदी जवळचा आहे, संसार आहे, एक लेक आहे, ऑफिसातल्या एका बाईकडे मन ओढ घेतं आहे. नाव घेतलं नाही. माझ्या अगदी जवळचे, संसार असलेले, एक लेक असलेले भाऊ मला कितीसे आहेत? नाव तेवढं मी घ्यायचं बाकी ठेवलं.

आणि तरी थांबले नाही. बेकरीवाली म्हणाली, ‘फार पुढे गेलंय का?’ इथे मी ‘नाही, त्यानं स्वतःच टेबल बदललं’ असं म्हणू शकले असते. तेच खरं होतं, आणि त्यात तुझी शान होती. पण मग विनंती संपली असती, सुया पुन्हा चालू झाल्या असत्या. मी उसासा टाकला आणि म्हटलं, ‘सकाळी शर्ट निवडायला लागलाय.’

मग आम्ही डोळे मिटले आणि प्रार्थना केली. चांगली लांबलचक.

तुला मी पहिल्याच पत्रात शिकवलं होतं, मोह दार ठोठावून येत नाही. माझ्याकडे ठोठावून आला. मला नीट ऐकू आलं. तोंड उघडायच्या आधी आतून अगदी स्पष्ट ‘नको’ आलं होतं. मी झोपेत नव्हते. प्रभूनं जागे राहा म्हटलं असताना बागेत त्याचे शिष्य दमून झोपले, त्यांची निदान तेवढी तरी सबब होती. मी टक्क जागी होते, आणि मीच उठून कडी काढली. इतकी वर्षं मी तुझ्या, चष्मेवाल्याच्या, नर्सबाईंच्या मुलीच्या, सगळ्या मंडळींच्या चिरा उजेडाला धरून बघत आले आणि त्यालाच जागरूकपणा म्हणत आले.

पुढचं तू आता ओळखलंच असशील. बेकरीत वहिनीची बहीण पाव घ्यायला आली, तेव्हा बेकरीवालीनं तिचा हात हातात घेऊन सांगितलं, ‘तुमच्या बहिणीच्या घरासाठी प्रार्थना करते हं मी.’ ती घाबरली, तिनं खोदून विचारलं, आणि वहिनीपर्यंत पोचेपर्यंत शर्ट निवडण्याचं शर्ट घेऊन देणं झालं. यात बेकरीवालीला दोष देऊन मोकळं व्हावं असं मला कितीदा वाटलं! तिनं माझीच गोष्ट माझ्याच पद्धतीनं सांगितली, प्रार्थनेसाठी.

आणि तो निळ्या चौकटीचा शर्ट. तुझ्या वाढदिवसाला मीच दिला होता. तू वहिनीला सांगितलंस, तिनं ऐकलं नाही. माझा एक फोन पुरेसा होता. मी तुला लिहिलं, फोन लागत नाही. मी केलाच नव्हता. एकदासुद्धा नाही. तिनं ‘तुम्हाला काय माहीत आहे?’ असं विचारलं असतं, तर काय सांगायचं, या भीतीनं. खोकलाही नव्हता. मनात हे असताना त्या प्याल्याला ओठ लावायचं धाडस नव्हतं.

तिघी गप्प का राहिल्या, असं तू विचारशील. आमचा नियम. इथलं इथेच. जेव्हा पाळायचा तेव्हा आमच्याकडून पाळला गेला नाही, आणि चष्मेवाल्यावर आलं तेव्हा चौघींनी कडक पाळला. गुरुवारी आम्ही एकमेकींच्या कपबश्यांकडे बघत बसायचो.

तुझं पत्र आलं त्या गुरुवारी मी त्यांना म्हटलं, ‘आज माझी विनंती आधी. नाव घेऊन.’ आणि सगळं सांगितलं. बेकरीवाली पदर तोंडाला लावून म्हणाली, ‘झालं ते झालं, ताई, आता इथलं इथेच राहू दे ना.’ मी नाही म्हटलं. आधी कधी इतकं सोपं नाही म्हणता आलं असतं तर! नर्सबाई उठून माझ्याबरोबर पाळकसाहेबांच्या घरापर्यंत आल्या. पाळकसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मुलांचा वर्ग आता पाळकबाई घेतात. चष्मेवाला परत येईपर्यंत. तो येईल का, ते त्याच्यावर.

मग वहिनीच्या माहेरी गेले. तिनं मला आत घेतलं पण बसा म्हटलं नाही, मी उभ्यानंच बोलले. तू मला नेमकं काय सांगितलं होतंस, टेबल कसं बदललंस, शर्ट कोणी दिला, सगळं. ती म्हणाली, ‘तुम्ही त्या दिवशी आला असतात तर मी इथे आलेच नसते.’ मी म्हटलं, हो. ती म्हणाली, ‘त्यानं हे मला सांगायच्या आधी तुम्हाला सांगितलं, ते मला लागलं आहे. ते मी त्याच्याशी बोलेन. तुमच्यासाठी नाही करत आहे हे.’ चिमणी आतून धावत आली आणि ‘आत्या, माझी चप्पल आणलीस?’ म्हणाली. आणली होती. पिशवीतून काढली आणि मला तिथे रडू आलं. वहिनीनं पाणी दिलं.

हे सगळं तुला आधी सांगायला हवं होतं. सगळ्यांत अवघड ते शेवटी ठेवलं, भित्री आहे मी. आणि आता लिहिताना, ही कबुलीसुद्धा चांगली वठावी, तू वाचून ‘बिचारी ताई’ म्हणावंस, असं आत कुठेतरी वाटतं आहे. बघ, सुया थांबलेल्या आवडतात मला अजून. दोन परिच्छेद त्यासाठीच फाडून टाकले.

आता चष्मेवाल्याचं. दुकान बंद करायच्या वेळी गेले. तो काचेवरची पाटी उलटी करत होता, मला बघून थांबला. मी सगळं सांगितलं. त्याला नवं काहीच वाटलं नाही, चेहऱ्यावरून कळलं. मी विचारलं, ‘तुला कधीपासून माहीत होतं?’

‘पहिल्या दिवसापासून. दोघांनाच माहीत होतं. मी बोललो नव्हतो.’

‘मग त्याला सांगितलं का नाहीस? मंडळींपुढे तरी? वर्ग गेला तुझा!’

तो खुर्चीवर बसला. म्हणाला, ‘राग मलाही आला होता, ताई. त्या खोलीत तुम्ही “मी काय बोलणार” म्हणालात, तेव्हा तर ओठांवर आलं होतं. घरी जाऊन भांडलो देवाशी. पण मी विचार केला, मी तोंड उघडलं तर त्याचं काय उरेल? बायको गेली, घर गेलं. मित्र काय, त्याला दुसरा मिळेल. बहीण एकच आहे त्याला.’

किल्ली मी त्याच फडक्यात नेली होती, ती काउंटरवर ठेवली. तुला न विचारता त्याच्याकडे परत दिली आहे, हा माझा शेवटचा आगाऊपणा समज. झाडं माझ्यानं जगत नाहीत. खिडकीतली कुंडी गेली, बाकीची तो बघेल. त्यानं किल्ली जुडग्यात लगेच अडकवली नाही. म्हणाला, ‘तो सांगेल तेव्हा.’

म्हणून तू हे वाचून झालं की आधी त्याला फोन कर. मग वहिनीचा येईल तो उचल. मला नको. मी फोनजवळ बसणार नाही, तेवढं तुला वचन देते. तू माफ करावंस म्हणून कोणाकडे विनंती ठेवणार नाही, गुरुवारी नाही आणि इतर कुठल्याही वारी नाही. माझं मी देवाशी बोलेन, दार लावून.

बहीण एकच आहे त्याला, असं तो म्हणाला. आता सगळं तुझ्यासमोर आहे. आहे की नाही, ते तू ठरव.

ताई